पांढऱ्यावर पांढरं

लिफ्टमध्ये नोटीस लागलीय. 'वाळवणासाठी गच्ची सकाळी नऊ ते चार उघडी राहील. किल्ली वॉचमनकडे. कावळ्यांना सोसायटी जबाबदार नाही.' तीन ओळींना तीन तऱ्हेचे फॉन्ट, मधली लाल, आणि 'नाही'च्या खाली दोन जाड रेघा. पूर्वी असलं काही बघितलं की माझं डोकं उठायचं. सेक्रेटरीकाकांना सांगायचे, काका, द्या मला, पाच मिनिटांत नीट करून देते. आणि द्यायचेही करून, बारीक, देखणं, चहूबाजूंनी मोकळी जागा सोडलेलं. मग चौथ्या मजल्यावरचे आजोबा चष्मा वर-खाली करत विचारायचे, काय लिहिलंय हो? काल मी ती नोटीस पूर्ण वाचली आणि गप्प खाली उतरले. अक्षरं टपोरी आहेत, काळीभोर आहेत, लिफ्टच्या दारातून वाचता येतात. काकांना माझ्यापेक्षा जास्त अक्कल आहे, एवढंच कळलं.

तर पुन्हा चैत्र आलाय. भाईंदरच्या जेसल पार्कातल्या गच्च्यांवर पुन्हा चादरी पसरल्यात. एका गच्चीवर बटाट्याचे पापड, पलीकडे कुणाच्या कुरडया, आमच्या शेजारच्या हंसाबेनचे तांदळाचे खिचिया. दुपारी खाडीकडून वारा आला की चादरींची टोकं फडफडतात आणि कुणीतरी ओरडतं, अरे पत्थर रखो, पत्थर! मिठागरांवर पांढरे ढीग उभे राहिलेत. बारा वाजता तिकडे बघवत नाही, डोळ्यांतून पाणी येतं. आणि शिजलेल्या तांदळाच्या पिठाचा तो हिंगाचा, जिऱ्याचा वाफाळता वास जिन्यातून खाली उतरत आमच्या दारापर्यंत येतो. आई आत बसल्या जागी मान वर करते. म्हणते, "तिसऱ्या मजल्यावर मीठ जास्त झालंय हो." वासावरून! मला हसू यायला हवं. येत नाही.

कारण चार वर्षांपूर्वी, याच वाळवणाच्या दिवसांत, माझ्या आईचे डोळे जात होते. रोज थोडे थोडे, माझ्यासमोर. आणि मी, माणसं फोनच्या पडद्यावर कुठे बघतात, काय आधी बघतात, काय त्यांच्या नजरेतून सुटतं यावरच जिचं पोट भरतं ती मी, घरात बसून ते बघू शकले नाही. ही गोष्ट मला आडून-आडून सांगता येत नाही. सांगितली तर तोंडावर सांगायला हवी.

तेव्हा मी आठवड्यातले तीन दिवस घरून काम करत होते. औषधं मागवायचं एक नवं अ‍ॅप होतं, नावसुद्धा ठरलं नव्हतं त्याचं. डायनिंग टेबलाच्या एका टोकाला माझा लॅपटॉप, दुसऱ्या टोकाला आईची भिजवलेल्या साबुदाण्याची परात. आमच्या धंद्यात एक पद्धत आहे. अ‍ॅपचा एखादा पडदा तयार झाला की तो कुणाच्या तरी हातात द्यायचा, काही सांगायचं नाही, आणि तो माणूस कुठे अडतो ते बघायचं. मोठ्या कंपन्या त्यासाठी माणसं बोलावतात. आम्ही घरच्यांना धरतो. आई, नवरा, सासू, जे हाताशी सापडेल ते. मी आईला धरायचे.

"आई, इकडे ये. समज, तुला बीपीच्या गोळ्या मागवायच्यात. काय करशील?"

"हात धुवीन आधी."

"आई!"

"बरं बाई, बरं." मग ती पदराला हात पुसून फोन घ्यायची, नाकाजवळ न्यायची, मान जरा तिरकी करायची. अंगठा पडद्यावरून हळूहळू फिरायचा, उजवीकडे, खाली, अजून खाली. "हे?"

"करेक्ट!" मी ओरडायचे, आणि वहीत लिहायचे, 'वय बासष्ट. बटण न अडखळता सापडलं.' पंधरा दिवसांत बारा पडदे तिने असे पास केले. ऑफिसात मी छाती काढून सांगितलं की माझ्या आईला जमतंय म्हणजे कुणालाही जमेल.

हे तिला कसं जमत होतं ते मला नंतर कळलं. सगळं संपल्यावर. एकदा भाजी निवडता निवडता तिने सहज सांगितलं. "तू श्वास रोखून धरतेस गो. बोट बरोबर जागेपाशी आलं की सोडतेस. मग मी तिथे दाबायची." मी विचारलं, मग अक्षरं? "अक्षरं कुठे होती? मला वाटलं, अजून लिहायचीत तुला."

होती अक्षरं. मीच घातली होती. पांढऱ्यावर फिकट राखाडी. तेव्हा तीच टूम होती, सगळं हलकं, हवेशीर, जणू पडद्याला अक्षरांचं ओझं होऊ नये. रिकाम्या चौकटीत आम्ही एक अंधूक वाक्य ठेवतो, 'इथे औषधाचं नाव लिहा' असलं काहीतरी, टायपायला लागलं की ते विरून जातं. प्लेसहोल्डर म्हणतात त्याला. आईच्या लेखी ते विरण्याआधीच विरलेलं होतं. ते किती फिकट असावं यावर मी आणि माझा साहेब अर्धा तास भांडलो होतो. तो म्हणत होता अजून फिकट. मी म्हणत होते पुरे. शेवटी त्याचं ऐकलं. खरं सांगायचं तर मलाही तेच सुंदर वाटत होतं.

आणि व्हाइट स्पेस! अरे देवा, किती बोलायचे मी त्याच्यावर. मोकळी जागा म्हणजे वाया गेलेली जागा नव्हे, मोकळ्या जागेमुळे नजर विसावते. ह्या मोकळ्या जागेपायी मी चित्रांच्या खालची नावं काढून टाकली. गोळ्यांसाठी एक चित्र, डोळ्यांच्या थेंबांसाठी एक, मलमासाठी एक. नावं कशाला, चित्र बघून कळतंच की! आईनेसुद्धा बरोबर दाबलं की!

गच्चीवरचा तो दिवस मी किती वेळा आठवला असेन. आईने तांदळाच्या फेण्या घातल्या होत्या. लालबागच्या खोलीत तिला वाळवणाला जागाच नव्हती, सगळी चाळ एका गच्चीवर भांडायची. भाईंदरला आल्यावर तिला सगळ्यात कौतुक कशाचं असेल तर ह्या गच्चीचं. जुनी पांढरी चादर, तिच्यावर पांढऱ्या फेण्या, ओळीने, एकसारख्या. मला तिच्या त्या ओळींचा फार अभिमान. पट्टी न लावता असं अलाइनमेंट! वाकून वाकून चार ओळी झाल्या, ती उठली, वळली, आणि कडेच्या ओळीवर सरळ पाय देऊन चालत गेली. पाच-सहा फेण्या तळव्याला चिकटून आल्या.

हंसाबेन शेजारच्या चादरीवरून ओरडल्या, "अरे दीदी, देखके!"

"ऊन आलं हो डोळ्यांवर," आई म्हणाली. ती खाली बसून तळवा पुसत होती आणि तिचा चेहरा घाबरलेला होता. तो मी बघितला. बघितला आणि म्हटलं काय, "आई, मार्जिन कमी सोडलंस बघ." कागदाच्या कडेला सोडतात ती जागा. काय विनोद सुचला मला! आई हसली. माझं मन राखायला हसली.

दुसऱ्या दिवशी तिने कपाटातून आपली गडद जांभळी सुती साडी काढली. चांगली धड साडी, वर्षातून दोनदा नेसायची. ती गच्चीवर अंथरली आणि तिच्यावर फेण्या घातल्या. हंसाबेन म्हणाल्या, "इतनी अच्छी साडी क्यूँ खराब करते हो?" आई म्हणाली, "सफेद पे सफेद मेरे को दिखता नहीं."

मी तिथेच होते, चार पावलांवर. मी ते वाक्य ऐकलं. स्वच्छ ऐकलं. आणि मला ते आवडलं! जांभळ्यावर त्या पांढऱ्या चकत्या अशा उठून दिसत होत्या की मी पाण्याच्या टाकीच्या शिडीवर चढून वरून फोटो काढला. आई खाली उभी राहून विचारत होती, "पडशील गो, कुठे आहेस?" कुठे आहेस, असं विचारत होती ती. मी तिच्या डोक्याच्या वरच होते, जराशी बाजूला.

तो फोटो मी ऑफिसच्या प्रेझेंटेशनमध्ये लावला. वर तिचं वाक्य, तसंच्या तसं. खाली मी लिहिलं, 'माझ्या आईला कॉन्ट्रास्ट कळतो.' सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. साहेब म्हणाला, हे पोस्टर करून भिंतीवर लावायला हवं. कुणी विचारलं नाही की ती असं का म्हणाली. त्यांनी का विचारावं? मीच विचारलं नव्हतं. एका बाईने, मला दिसत नाही, असं तोंडाने सांगितलं आणि तिच्या पोटच्या पोरीने त्याची स्लाइड केली. गंमत म्हणजे त्या टाळ्यांनंतरही आमची राखाडी अक्षरं होती तशीच राहिली. ती कुणी काळी केली नाहीत. मीसुद्धा नाही.

भिंतीवर एक पोस्टर आधीच होतं. आम्ही एक काल्पनिक बाई बनवली होती, तिला पर्सोना म्हणतात. जिच्यासाठी अ‍ॅप करायचं ती. तिचं नाव, वय, फोटो, तिच्या अडचणी. 'बारीक अक्षरं वाचताना त्रास होतो. मदत मागायला संकोच वाटतो.' तिच्याबद्दल आम्ही तासन् तास बोलायचो, हे तिला कळेल का, ते तिला आवडेल का. नसलेल्या बाईची केवढी काळजी! मी घरी यायचे तेव्हा माझी असलेली बाई भिंतीला हात लावत स्वयंपाकघरात जात असायची. मला वाटायचं, गुडघे.

मे महिन्यात आम्ही उत्तनला गेलो, आगोटीची खरेदी करायला. म्हणजे पावसाळ्यात मासे नसतात तेव्हासाठी सुकं भरून ठेवायचं. रत्नागिरीची सवय, आईने ती कधी सोडली नाही. भाईंदर वेस्टहून बस. वाटेत ती तीनदा म्हणाली, "डोंगरी गेली का?" वीस वर्षं ह्या रस्त्याने जाणारी बाई. मी फोनमधून मान वर न काढता म्हणत होते, नाही, अजून नाही, गेली आता. उत्तनला उतरलो तर बांबूंवर बोंबील टांगलेले, रांगाच्या रांगा, ऊन त्यांच्यातून आरपार जात होतं आणि खारट, उग्र, आम्हाला आवडणारा तो वास. आई एका कोळणीसमोर उकिडवी बसली आणि टोपलीत हात घालून बोंबील चाचपायला लागली. एकेक उचलून वास घेत होती. सुकटीची टोपली तिच्या गुडघ्याला लागून होती. "सुकट नाही आणलीत?" तिने विचारलं.

कोळीण तिच्याकडे बघत राहिली. "अगो बाय, बाजूलाच हाय नं. दिसत न्हाय काय तुला?"

आईचा हात टोपलीतच थांबला. मग कोळणीने माझ्याकडे बघितलं. तशी नजर माझ्याकडे आजवर कुणी टाकली नव्हती. मला राग आला. मी म्हटलं, "चष्म्याचा नंबर वाढलाय तिचा, बदलायचाय." अर्धं मिनिट, फार तर अर्धं मिनिट लागलं त्या बाईला. तिने ना कसला कोर्स केला होता, ना कुणाला पडद्यासमोर बसवलं होतं. तिने फक्त माणसाकडे बघितलं.

परत येताना बसमध्ये आई म्हणाली, "रागावलीस?" मी म्हटलं, छे. चष्मा बदलायचं त्या आठवड्यात राहूनच गेलं. पुढच्या आठवड्यात अ‍ॅप लोकांसमोर जाणार होतं.

डोळ्यांच्या डॉक्टरकडे तिला मी नेलं नाही. हंसाबेननी नेलं. आई गेटपाशी उभ्या स्कूटरवर जाऊन आदळली, कपाळाला खोक पडली, तेव्हा त्या तिला तशाच रिक्षात घालून घेऊन गेल्या. मला फोन आला तेव्हा मी मीटिंगमध्ये होते. हंसाबेन म्हणाल्या, "तू आ जा बेटा. अभी आ जा." त्यांचा आवाज ऐकून मी चपला घातल्या की नाही तेही आठवत नाही.

तपासणीचं यंत्र होतं एक. हनुवटी टेकवून आत बघायचं. कुठेकुठे बारीक दिवा लुकलुकतो, दिसला की हातातलं बटण दाबायचं. आई त्यात डोकं घालून बसली होती आणि मी मागे उभी. दिवे कुठे लागतायत ते मला बाहेरून कळत नव्हतं, म्हणून तिला माझ्याकडून काही कळायची सोय नव्हती. बटण दाबल्याचा आवाज मधूनमधून यायचा. मग बराच वेळ यायचा नाही. ती शांतता मी उभ्याने ऐकली. मग तिने आतूनच विचारलं, "संपलं का हो?" यंत्रावरची बाई म्हणाली, "नाही आजी, चालूच आहे."

काचबिंदू. कागद माझ्या हातात दिला. दोन गोल, एकेका डोळ्याचा. राखाडीच्या छटा आणि काळं. एक गोल जवळजवळ सगळा काळा. दुसऱ्यात मध्ये नाण्याएवढी पांढरी जागा. डॉक्टर समजावून सांगत होते. "ह्यात दुखत-खुपत नाही. कडा आधी जातात, मधलं राहतं, म्हणून पेशंटला वाटतं आपल्याला दिसतंय. गेलेलं परत येत नाही. आहे ते थेंबांनी सांभाळायचं, जेवढं सांभाळता येईल तेवढं." मग कागद परत घेता घेता त्यांनी विचारलं, "बहुतेक वेळा घरच्यांच्या लक्षात येतं. चालताना अडखळणं, धडकणं. तुमच्या लक्षात नाही आलं?"

मी म्हटलं, "मी डिझाइनर आहे." कशाला म्हटलं कुणास ठाऊक. त्यांना वाटलं मी फॅशनमध्ये आहे.

"तू मला का नाही सांगितलंस?" त्या संध्याकाळी मी तिच्यावर ओरडले. हो, ओरडले, तिच्यावरच. ती पलंगाच्या कडेला बसली होती, कपाळाला पट्टी. म्हणाली, "मला वाटलं वयाचं असेल. आणि तुझं ते काम चाललं होतं ना. मला नाही दिसलं म्हटलं असतं तर तुला वाटलं असतं, तुझंच चुकलं."

माझंच चुकलं होतं, आई. हे मी तिला अजून म्हटलेलं नाही. चार वर्षांत हजार वेळा जिभेवर आलं. म्हटलं की ती लगेच माफ करून टाकेल, अगदी चहा गाळता गाळता करेल, आणि मला ते नकोय. असं स्वस्तात सुटायचं नाहीये मला.

लोक विचारतात, सहा महिने आधी कळलं असतं तर? मी डॉक्टरांना विचारलं नाही. हिंमत नाही. उत्तर 'काही फरक पडला नसता' असं आलं तर मी विश्वास ठेवणार नाही, आणि दुसरं आलं तर मी जगणार कशी? आता तर बोलायचीही चोरी झालीय. नजरेखालून घाल, बघून घेऊ, डोळ्यांत तेल घालून काम केलं, असली वाक्यं घरात तोंडातून निघतात आणि मी जीभ चावते. आई चावत नाही. ती आजही टीव्हीवरची मालिका ऐकून हंसाबेनना म्हणते, "बघितलं का, सूनबाई कशी वागली!"

ती कंपनी मी सोडली. नंतर ते अ‍ॅप दुसऱ्या कुणी विकत घेतलं, नाव बदललं, रंग बदलला, बाकी तेच. आईच्या नजरेतली मधली ती नाण्याएवढी जागाही गेल्या वर्षी धुरकटली. थेंब चालूच आहेत, तीन तऱ्हेचे, घड्याळाच्या काट्यावर. ते मी आणते. तिला ते आवडत नाही. "माझ्या थेंबांसाठी तुझ्या तोंडाकडे किती दिवस बघू?" म्हणते. बघू, म्हणते. तेव्हा ह्या महिन्यात हंसाबेनच्या सुनेने आईच्या फोनमध्ये तो वाचून दाखवणारा आवाज चालू करून दिला. पडद्यावर बोट फिरवलं की खाली जे असेल त्याचं नाव फोन बोलतो. दोन वेळा टेकवलं की ते उघडतं. आई आठ दिवसांत शिकली. हंसाबेनना फोन लावते, भजनं लावते, हवामान ऐकते. किती दिवसांनी तिच्या चेहऱ्यावर मी असा तोरा बघितला! मग सुनेने औषधांचं एक अ‍ॅप टाकून दिलं, आणि काल सकाळी आई म्हणाली, आता थेंब मी मागवणार, तू मध्ये बोलायचं नाहीस.

मी पडदा बघितला आणि ओळखला. आवाजासाठी प्रत्येक चित्राला आत एक नाव द्यावं लागतं. दिसत नाही ते कुणाला, फक्त न दिसणाऱ्याला ऐकू येतं. फाईलमध्ये त्याचा रकाना असतो. मी तो रिकामा ठेवला होता, नंतर भरू म्हणून. माझ्यानंतर आलेल्यांनीही ठेवला असणार.

आईने बोट ठेवलं. फोन म्हणाला, "बटन." तिने बोट सरकवलं. "बटन." अजून सरकवलं. "बटन." तीच ती सपाट आवाजाची बाई, न थकता. आईने कान जवळ नेला. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, हळूहळू, शाळेतल्या पोरीसारखं मन लावून. "बटन. बटन. बटन. बटन." पाचदा केलं तिने. मी श्वास रोखलेला नव्हता, सोडलेलाही नव्हता. मी फक्त तिच्या बोटाकडे बघत होते, ते थेंबांच्या चित्रावरून दर वेळी गेलं आणि पुढे निघून गेलं.

"ह्यातलं थेंबांचं कुठलं गो?" तिने विचारलं. मग फोन मांडीवर ठेवला आणि माझ्या दिशेने, जराशी चुकीच्या दिशेने, बघत म्हणाली, "कुणी केलंय गो हे मेल्याने? आई नाही काय त्याला?"

"काय माहीत," मी म्हटलं, आणि तिच्या मांडीवरचा फोन उचलून घेतला.